डंपलिंगला पाणी पाजणाऱ्या पाइपचे आत्मवृत्त

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पाइप आहे. आज मी आपणांसमोर माझ्या जीवनाचा वृत्तान्त यथाशक्ती निवेदन करणार आहे. प्रथम माझा जन्म, नंतर माझी कीर्ती, तदनंतर एका मॅनेटीवर, म्हणजे पाणगायीवर, ओढवलेले संकट, आणि सर्वांत शेवटी माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही तो परमानंदाचा दिवस, असा क्रम मी योजिला आहे. क्रम चुकल्यास आपण सांभाळून घ्यावे, कारण सरळ राहणे पाइपाला जन्मतःच कठीण जाते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेल्या रबराच्या पोटात सुताची जाळी विणून मला आकार देण्यात आला व तोंडाशी पितळी तोटी बसविण्यात आली. पुढे फ्लोरिडातील नदीकाठच्या एका दुकानातून श्रीमती व्हर्ना टिलमन यांनी मला घरी आणले. ह्या बाई शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचण्याची सवय झालेला होता.

“हा अगदी माझ्या वेंडलसारखा आहे बघ,” त्या शेजारच्या हॉईटला म्हणाल्या. वेंडल म्हणजे त्यांचे दिवंगत यजमान. “कितीही नीट गुंडाळून ठेवा, सुटतोच. आणि सांध्यात कुरकुरतो.”

“आणि कान पिळल्याशिवाय कामाला लागत नाही,” हॉईट म्हणाला.

अशा रीतीने माझे नामकरण झाले. बाईंच्या घरामागे नदीत उतरलेला लाकडी धक्का होता. त्याच्या खांबावरील खुंटीस मला टांगण्यात आले. टोमॅटोच्या झाडांना पाणी घालणे, मासे कापायचे मेज धुणे, हॉईटच्या बोटीवरील चिखल काढणे, ही माझी कर्तव्ये. मी ती निष्ठेने पार पाडीत असे.

एका थंड सकाळी माझ्या तोटीतून नदीत थेंब थेंब पाणी गळत होते. समुद्र जवळ असल्याने तेथील नदी मचूळ. इतक्यात पाण्यातून एक करडे, मिशाळ नाक वर आले. त्यामागोमाग म्हशीएवढे अंग. ती मॅनेटी होती. तिने वल्ह्यांसारखे पुढचे दोन पंख जोडून मला हळूच जवळ ओढले, माझे तोंड आपल्या जाड ओठांत धरले व गोडे पाणी पिऊ लागली. मित्रांनो, टोमॅटोच्या झाडाने मला असे कधीच धरले नव्हते!

बाईंनी नळ पूर्ण सोडला. कोंबडीच्या रश्श्यात त्या डंपलिंग, म्हणजे कणकेचे गोळे, शिजवीत; त्यांवरून तिचे नाव ठेवले डंपलिंग.

“अगं व्हर्ना, तो काय गोठा आहे का तुझा?” हॉईट ओरडला. “पाणी पाजू नये म्हणतात त्यांना!”

“तहानलेल्याला पाणी नाही म्हणायला शिकवलं नाही मला माझ्या आईनं. तुला लिंबाचं सरबत देते ना मी? तू तरी कुठे दिसायला बरा आहेस!”

त्या दिवसापासून “डंप-लिंग!” अशी हाक गेली, की ती हजर. आमच्या नदीकाठी मॅनेटींना पाणी पाजण्याची प्रथाच पडून गेली होती. माणसे मनाने चांगली, आणि धक्क्यावर नळ आयता. लोक डंपलिंगला पाहायला येत व माझेही फोटो काढीत. मी खुंटीवर फुगून बसत असे. कीर्तीने रबरही फुगते, हे मी अनुभवाने सांगतो.

परंतु डंपलिंग एक गोष्ट शिकली, जी आम्हा कोणाच्याच ध्यानात आली नाही. माणूस असेल तेथे पाणी गळते, हे तिने मनाशी पक्के केले. ती प्रत्येक धक्क्याकडे, प्रत्येक बोटीकडे जाऊ लागली. एके दिवशी एका मोटारबोटीच्या कडेने पाण्याची धार पडत होती. ती धारेखाली गेली, आणि त्याच क्षणी बोटीचा पंखा फिरला.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या धक्क्याशी आली तेव्हा तिच्या पाठीवर खोल चिरा होत्या. हॉईटने फोन केल्यावर वन्यजीव उद्यानाची माणसे जाळे घेऊन आली, पण जाळे दिसताच डंपलिंग बुडी मारी. अखेर डॉक्टर मारिसोल नावाची तरुण पशुवैद्य म्हणाली, “व्हर्नाबाई, नळ सोडा. हाक मारा तिला.”

बाईंचा आवाज त्या दिवशी पहिल्या बाकापर्यंतही पोचला नाही. तरी डंपलिंग आली. तिने मला विश्वासाने धरले, आणि तिच्याखाली जाळे ओढले गेले. ट्रकमध्ये तिचे अंग ओले ठेवण्यासाठी बाईंनी मलाही सोबत दिले.

येणेप्रमाणे मी उद्यानात नोकरीस लागलो. तेथे सर्व मंडळी कोठून तरी वाचवून आणलेली. एक पेलिकन पक्षी एका पंखाचा होता, तरी पाहुण्यांच्या टोप्या पळविण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. एक अस्वल लहानपणी कोणी घरात पाळले होते. ते बिचारे जंगलात राहायचे विसरले होते व खाऊचे पाकीट फाटल्याचा आवाज झाला की कुंपणाशी येऊन बसे.

डंपलिंगचे कुंड झऱ्याचे होते व लोखंडी जाळीच्या दाराने नदीस जोडलेले. जखमा भरत आल्या. बाई उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन दर आठवड्यास येत. एकदा त्यांनी विचारले, “मग, कधी सोडताय पोरीला?”

मारिसोलने कुंडाकडे बोट दाखविले. “पाठ बरी झाली, व्हर्नाबाई. सवय बरी झाली नाही. पाइप दिसला की अजून धावत येते. अशी सोडली, तर पुन्हा कुठल्यातरी बोटीखाली जाईल. हिवाळ्यात बाहेरच्या मॅनेटी झऱ्याच्या उबेला दाराशी येतात. तोवर विसरली तर घरी. नाहीतर त्या अस्वलासारखी कायमची इथेच.”

बाईंचा चेहरा उतरला. “मी काय करू?”

“तुम्ही या, पण तिला हाक मारू नका. एक शब्दही नको.”

“व्हर्ना आणि गप्प?” हॉईट म्हणाला. “डॉक्टर, त्यापेक्षा मॅनेटीला झाडावर चढायला शिकवा!”

पण बाई गप्प राहिल्या. बोलावेसे वाटले की शेंग तोंडात टाकीत, आणि त्या इतक्या शेंगा खात की पेलिकन हॉईटच्या टोपीचा नाद सोडून त्यांच्या मागे लागला. मलाही कुंडाच्या काठावर फरशी धुण्याचेच काम होते. पाण्यात एक थेंब पडू देत नसत. डंपलिंग काठाशी येऊन माझ्याकडे बघत राही. प्रारंभी मला वाटे, बघ, अजून बघ! नंतर अस्वलाकडे दृष्टी जाई, आणि मी मनात म्हणे, बाळ, नको बघूस. मित्रांनो, ज्याला आपण आवडतो त्याने आपल्याला विसरावे अशी प्रार्थना करणे फार अवघड असते.

हिवाळा आला. दारापलीकडे रानातल्या मॅनेटींच्या करड्या पाठी दिसू लागल्या. मारिसोलने मला कुंडाच्या काठावर ठेवले, माझे तोंड पाण्यावर आणले व नळ सोडला. बाई आणि हॉईट कठड्याशी उभे होते. माझ्या तोंडून धार पडू लागली. तिचा आवाज मला स्वतःलाच नकोसा झाला.

डंपलिंग वर आली. माझ्यासमोर तिने फुस्सकन श्वास सोडला. तिच्या मिशा माझ्या तोटीला लागल्या. बाईंचे दोन्ही गाल शेंगांनी भरले होते व डोळे गच्च मिटलेले. मग डंपलिंगने मान वळवली, तळाशी गेली, आणि शांतपणे पाणगवत चरू लागली.

मारिसोलने बराच वेळ वाट पाहिली व नळ बंद केला. “दार उघडा.”

“फुम्ही फाहिलंत?” बाई किंचाळल्या. शेंगांचा सडा पडला.

“गिळ आधी,” हॉईट म्हणाला. पण तो स्वतः टोपीने डोळे पुसत होता, आणि ती टोपी तत्क्षणी पेलिकनने नेली.

डंपलिंग दारातून गेली. पलीकडे एका म्हाताऱ्या मॅनेटीने तिचे नाक हुंगले, आणि दोघी दिसेनाशा झाल्या.

काही काळाने बाई उद्यानात आल्या. माझ्या जुन्या खुंटीवर त्यांनी आता फुलांची कुंडी टांगली आहे व काठावरच्या सर्व शेजाऱ्यांना नळ घट्ट करायला लावले आहेत. त्या थेट माझ्याजवळ आल्या व वाकून म्हणाल्या, “वेंडल, काल आली होती रे! पाठीवरच्या चिरांवरून ओळखली. धक्क्याजवळून गेली. थांबली नाही! साधं वळूनही बघितलं नाही!” आणि त्या आनंदाने रडल्या.

तरी मित्रांनो, माझी आपणांस नम्र विनंती आहे. नदीकाठी अशी कोणी पाहुणी आली, तर तिला डोळे भरून पाहा, आणि नळ बंद ठेवा. मी आता अस्वलाच्या कुंपणापुढील फरशी धुतो. माझ्या अंगाला भेगा पडल्या आहेत, माझे फोटो कोणी काढीत नाही, आणि मी सुखात आहे.

आपण हा वृत्तान्त अखेरपर्यंत ऐकून घेतलात, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
वेंडल, हिरवा पाइप