थोरल्या वन्संनी सांगितलेला सिनेमा

आमच्या घरात सिनेमा बघायचा नसे, ऐकायचा असे. माझं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. रविवारी जेवणं उरकली की थोरल्या वन्सं भाड्याची कॅसेट लावत. सगळे परदेशी सिनेमे. बोलणं एका परक्या भाषेत, खाली पळणारी अक्षरं दुसऱ्याच परक्या भाषेत, आणि ती वाचता येत फक्त त्यांना. त्या शाळेत शिकवत. टीव्हीशेजारी खुर्ची ओढून गोष्ट सांगत आणि शेवटी विचारत, “मग, यातून काय शिकलो आपण?”

शिकायचं असे ते धाकट्या वन्संनी. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं धाकट्या करत. त्यापायी शाळा सुटली, तरुणपणही गेलं. सिनेमात कुणी चिडलं की थोरल्या म्हणत, “बघ, रागानं घर जातं.” कुणी नवा कोट घेतला की, “बघ, हौस नडली.” माझे यजमान पेपरात डोकं घालून हुंकार भरत.

त्या वर्षी धाकट्या वन्संना मागणी आली. कोपऱ्यावरचा घड्याळवाला, विधुर, अबोल माणूस. स्वतः येऊन विचारून गेला. रविवारनंतर सांगते, म्हणाल्या. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी माझा हात धरला. “वहिनी, बघ गं, कसे गार पडलेत हात.” पस्तिशीची बाई, पण चेहरा सोळा वर्षांचा झाला होता. अजून दिसतो मला.

थोरल्या वन्संना मात्र दिसत होतं अंथरूण. ही गेली की ते त्यांच्या गळ्यात येणार होतं.

त्या रविवारी त्यांनी निवडून कॅसेट आणली. एक प्रौढ बाई आजारी आईला मागे ठेवून एका माणसाबरोबर बोटीनं निघून जाते.

“फसवतोय तो तिला,” थोरल्या म्हणाल्या.

“पण तिला शाल पांघरवतोय की,” मी म्हटलं.

“फसवणारे आधी शालच पांघरवतात. नवी आहेस, कळेल हळूहळू.”

शेवटी ती बाई कठड्याला टेकून खळखळून हसत होती.

“वेड लागलं बिचारीला. मागे आई गेली ना तिची.”

आतून सासूबाई कण्हल्या. धाकट्या उठून गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. “ताई, त्यांना नाही म्हणून सांग.”

एरवी थोरल्यांना चपला सापडायला अर्धा तास लागे. त्या दिवशी चटकन सापडल्या.

दुसऱ्या दिवशी कॅसेट परत करायला धाकट्या वन्सं आणि मी गेलो. दुकानदार खुशीत होता. “आवडला ना? माझी बायको दोनदा रडली.”

“वेडी झाली म्हणून?” धाकट्यांनी विचारलं.

“कोण वेडी? अहो, आईच नाही का म्हणत तिला, जा, मागे वळून बघू नकोस? सुखानं हसते ती!”

धाकट्या वन्सं तिथून तडक घड्याळाच्या दुकानात. मी मागे जवळजवळ पळत. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता, समोर एक गिऱ्हाईक.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “ताईनं सिनेमा वेगळाच सांगितला.”

त्यानं भिंग काढलं. “म्हणजे खरंच सिनेमा बघून ठरवलंत? काल ताई म्हणाल्या, तेव्हा वाटलं काहीतरीच सांगताहेत.”

“मला वाचता येत नाही हो ती अक्षरं.”

“मलाही नाही येत. पण येताजाता तुम्ही मला बघत होतात ना? त्याला कुठं अक्षरं लागत होती?” भिंग पुसत तो म्हणाला, “काल सिनेमा बघून नाही म्हणालात, उद्या सिनेमा बघून निघून जाल. राहू द्या.”

गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. मग तोही हसला. अबोल माणूस दुखावला की फार नेमकं मारतो.

धाकट्या वन्सं रडल्या नाहीत. पुन्हा कॅसेटवाल्याकडे गेल्या आणि थोरल्यांनी सांगून ठेवलेली पुढची कॅसेट घेतली.

घरी थोरल्या पेपर तपासत होत्या. “इतका उशीर?”

“दुकानदार म्हणाला, ती वेडी नव्हती.”

“तो कॅसेटी भाड्यानं देतो. त्याला काय कळतंय?” लाल पेन थांबलंही नाही. “आईचं अंथरूण ओलं झालंय केव्हाचं.”

धाकट्या वन्संनी कॅसेट त्यांच्यापुढे ठेवली, बाह्या वर सारल्या आणि आत गेल्या.