रविवारी पायाचं नाव नको

डॉक्टर दुकानात शिरले आणि बाकावर बसलेल्या मास्तरांनी आलेला खोकला गिळून टाकला. गिळलेला खोकला डोळ्यांतून बाहेर यायला लागला, तेव्हा "दूध गॅसवर राहिलं वाटतं" असं काहीतरी पुटपुटून ते उठले. मागोमाग पंपवालाही कंबर धरून सटकला. उरले दोघंच, केस कापायला आलेले डॉक्टर आणि केस कापणारा रेडिओ.

रेडिओ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कात्री हातात आली की त्याचं तोंड सुरू व्हायचं आणि गिऱ्हाईक दाराबाहेर पडेपर्यंत बंद व्हायचं नाही, म्हणून गावानं त्याचं नव्यानं बारसं केलं होतं. आज मात्र त्यानं डॉक्टरांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

याला कारण दवाखान्यातल्या सिस्टरबाई. गावात डॉक्टर म्हणून टिकत नसे. आधीची डॉक्टरीण तर इतकी गुणी, पण ती दोरीवर कपडे वाळत घालत असली तरी कुणीतरी कुंपणावरून जीभ काढून दाखवायचं. जाताना ती सिस्टरबाईंना म्हणाली, "माणसं चांगली आहेत हो. पण मला कुणी नुसतं 'काय चाललंय' म्हणून विचारत नाही. विचारलंच तर त्याच्या मागून गुडघा येतो." हे सिस्टरबाईंच्या जिव्हारी लागलं. नवे डॉक्टर यायच्या आधी त्यांनी दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना दम भरला: दवाखान्याबाहेर डॉक्टरांपुढे आजाराचा चकार शब्द काढायचा नाही. जो काढेल त्याला इंजेक्शन त्या स्वतः देणार आणि सुईही त्याच निवडणार.

गावानं ते मनावर घेतलं, आणि फारच घेतलं. डॉक्टरशी आजाराखेरीज बोलायचं तरी काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे डॉक्टर समोरून आले की माणसं रस्ता ओलांडायची. किराणावाला मुकाट्यानं पिशवी भरून द्यायचा आणि आत निघून जायचा.

"जरा नीटनेटके कापा," डॉक्टर आरशातल्या रेडिओला म्हणाले. "उद्या पहिल्या गाडीनं शहरात जायचंय. मुलाखत आहे."

म्हणजे हेही गाव सोडणार! रेडिओला आधी बायकोचा पाय आठवला. तिला साखरेचा जुना आजार होता. आधीची डॉक्टरीण गेल्यावर दवाखान्याला बरेच महिने कुलूप होतं, आणि नेमका तेव्हाच तिला चप्पल लागून फोड आला. आज बघू, उद्या बघू करत शहरात पोहोचेपर्यंत दोन बोटं गेली. उरलेला पाय या डॉक्टरांनी स्वतः पट्ट्या बांधून वाचवत आणला होता. जखम आता कुठे भरायला लागली होती.

"काका, एक विचारू?" डॉक्टर म्हणाले. "माझं काही चुकलं का इथं? मी आलो की माणसं उठून जातात."

रेडिओला राहवेना. त्यानं कात्री खाली ठेवली आणि सिस्टरबाईंच्या सुईसकट सगळं सांगून टाकलं. डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले.

"म्हणजे आजार सोडला तर माझ्याशी बोलण्यासारखं काहीच नाही?"

"तसं नाही हो. सुचत नाही आम्हाला. तुमच्यासमोर आलं की जीभ आपोआप बाहेर येते, बोलायला नाही, दाखवायला." रेडिओनं कापड झटकलं. "असं करा, दुपारी जेवायला घरी या. पायाचं नाव काढणार नाही आम्ही. शब्द देतो."

त्यानं घरी निरोप धाडला. डॉक्टर पोहोचले तेव्हा काकू खाटेवर टेकून बसल्या होत्या आणि पायांवर जाड चादर घेतलेली होती.

"स्वयंपाक कुणी केला?" डॉक्टरांनी दारातूनच विचारलं. उभं राहायला त्यांनी सक्त मनाई केली होती.

"शेजारणीनं," काकू म्हणाल्या.

"आणि पाय..."

"पाय दवाखान्यात. रविवारी पायाचं नाव नको." त्यांनी उशीखालून पत्ते काढले. "खेळता येतं का? की नुसती डॉक्टरकीच?"

रेडिओनं कपाळाला हात लावला. बायकोबरोबर पत्ते खेळायचे त्यानंच कधीचे सोडले होते, कारण ती बिनदिक्कत लबाडी करायची आणि पकडली की उलट भांडायची. पण जेवणं उरकली आणि डाव मांडला गेला. डॉक्टर पहिला डाव हरले, दुसरा हरले, तिसऱ्याला बाह्या सरसावून बसले. त्यांची आईही पत्त्यांत अशीच लबाड, हे त्यांनी सांगितलं. शिकायला असताना खोलीतला मित्र कसा घोरायचा, तेही सांगितलं. रेडिओला बोलायला जागाच मिळेना.

"काकू, एक्का कुठाय?" डॉक्टर एकदम ओरडले.

"मला काय माहीत?"

"चादरीखाली सरकवलात. मी बघितलं!" डॉक्टरांनी हसत चादरीच्या टोकाला हात घातला.

काकूंनी ते टोक मुठीत गच्च धरलं. मग दुसऱ्या हातानं आतून एक्का काढून त्यांच्यापुढे टाकला. "घ्या. मीच घेतला होता. हरले मी."

रेडिओ बघतच राहिला. आपण हरलो, असं त्याच्या बायकोनं उभ्या जन्मात कबूल केलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर डॉक्टर गेले. मुलाखतीचं विचारायला रेडिओचा धीर झाला नाही. परत येऊन त्यानं चादर उचलली. पट्टी रक्तानं भिजली होती, खालची सतरंजीही ओली होती.

"शेजारीण म्हणे! तूच उभी राहिलीस ना चुलीपाशी? आणि एवढं झालं, तोंडानं सांगता येत नव्हतं? डॉक्टर समोर बसला होता!"

"डॉक्टर कुठं बसला होता?" ती म्हणाली. "पाय दिसला असता की डॉक्टर झाला असता लगेच. पत्ते खेळायला आलेलं पोर होतं ते. किती हसत होतं."

रेडिओला रागही आला आणि रडूही. त्यानं रक्त पुसून वर स्वच्छ फडकं बांधलं, आणि चांगलं बांधता येत नाही म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या.

सकाळी पहिली गाडी गेल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. निदान सिस्टरबाई तरी पट्टी बदलतील, म्हणून रेडिओ तिला शेजाऱ्याच्या रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला.

टेबलामागे डॉक्टर बसले होते. केस नीटनेटके.

त्यांनी फडकं सोडलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे कालचं आहे? मी बसलो होतो तेव्हा हे असं होतं? काकू, हा पाय गेला असता तर? तोंडाला काय झालं होतं तुमच्या?" आवाज पार बाहेरच्या रांगेपर्यंत गेला. सिस्टरबाईसुद्धा ट्रे घेऊन दारात थबकल्या.

"रविवार होता," काकू खाली बघत म्हणाल्या.

डॉक्टरांनी जमिनीवर बसून जखम धुतली आणि सावकाश पट्टी बांधली. पट्टीच्या फेऱ्यागणिक त्यांचा आवाज खाली येत गेला. शेवटी गाठ मारताना म्हणाले, "पुढच्या रविवारी पाय स्टुलावर, उघडा. भात मी लावीन. आणि पत्ते मी पिसणार."

बाहेर पडताना रेडिओच्या तोंडात प्रश्न नुसता वळवळत होता. मुलाखतीचं काय झालं? जाणार की राहणार? तो मागे वळला, तोंड उघडलं. बायकोनं त्याचा दंड धरून ठेवला.

"विचारू नका," ती हळूच म्हणाली. "बसलंय ना पोर? बसू दे."

जन्मात पहिल्यांदाच रेडिओ कसल्याही धाकाशिवाय गप्प बसला, आणि तिचा सगळा भार आपल्या हातावर घेऊन एकेक पायरी उतरू लागला.