हातात धरला की रेंज जाते

“दादी, मुठीत नको धरूस! चिमटीत धर, चिमटीत!”

विधीचं एवढंच ऐकू आलं आणि आवाज तुटला. सायरबाईंनी फोन कानावरून काढला. कोपऱ्यातल्या रेंजच्या दांड्या गेलेल्या. मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी तसा त्यांनी फोन दोन बोटांत धरला, तेव्हा दांड्या हळूहळू परत आल्या. पुन्हा लावला. विधी शाळेतली कुठलीशी गंमत सांगू लागली. पण नातीशी बोलताना बोटांकडे लक्ष कोण ठेवणार? हसता हसता सायरबाईंचा हात मिटला आणि विधी पुन्हा गेली.

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला आणि हात पदराला पुसले. हल्ली फोन ठेवला की त्या हात पुसत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

फोन अनुजने दिला होता. अनुज त्यांचा एकुलता एक मुलगा, जळगावला त्याचं मोबाइलचं दुकान. दोंडाईच्याच्या घरात सायरबाई एकट्याच राहत. यजमान नेमीचंद मिरचीचे व्यापारी होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवाळीच्या तोंडावर हे नवं मॉडेल बाजारात आलं तेव्हा अनुज खास गाडी काढून आला. “दुकानातला पहिला पीस आमच्या बाईला,” म्हणाला. आईला तो बाईच म्हणे. त्यांच्या घराची रीतच तशी. फोन हातात देऊन त्याने फोटो काढला, जरा हसायला लावून आणखी एक काढला. जुना बटनांचा फोन “हा आता कचरा” म्हणून खिशात घालून घेऊन गेला. फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरला. जैन स्थानकात महाराजांच्या व्याख्यानाला येणाऱ्या बायकांना सायरबाई तो फोन आपणहून दाखवत. एवढ्या लांबून मुलगा आठवणीने घेऊन आला, याचं त्यांना अप्रूप होतं.

मग पौषात त्या न्हाणीघरात घसरल्या.

डावा हात अंगाखाली सापडला. मनगटात काहीतरी मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. फोन खालच्या कोनाड्यातच होता. अनुजनेच सांगितलं होतं, कुठेही जा, जवळ ठेव. तो उजव्या हाताने ओढून त्यांनी शेजारच्या प्रेमराजभाऊंना लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. कळ मस्तकात जात होती, भीती वाटत होती, आणि भ्यालेलं माणूस हातातली वस्तू घट्टच धरतं. त्या जेवढी मूठ आवळत तेवढी रेंज मरत होती. शेवटी थंडीने बोटं आखडली, फोन सुटून ओल्या फरशीवर पडला आणि तिथे पडल्या पडल्या त्याला दांड्या आल्या. सायरबाईंनी एका बोटाने नंबर दाबला, स्पीकर लावला आणि फरशीला गाल टेकवून ओरडल्या, “प्रेमराजभाऊ, दार तोडा!”

संध्याकाळी अनुज आला, तोवर हाताला प्लास्टर बसलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, तू खालच्या बाजूने धरला असशील. तुला सांगितलं होतं ना, खाली हात लावायचा नाही म्हणून?”

तो चिडला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं, सवयीने बोलून गेला होता.

हात बरा होईपर्यंत म्हणून तो त्यांना जळगावला घेऊन गेला. घरी दिवसभर कोणी नसे. सून चेलना शाळेत शिकवायची, विधीचीही शाळा. “एकटी बसून काय करशील? दुकानात चल, चार माणसं दिसतील,” असं म्हणून अनुजने काउंटरच्या टोकाला गादीची खुर्ची मांडून दिली. दुकान मार्केटच्या आतल्या गाळ्यात होतं, उन्हाचा कवडसा नाही, पण झगमगाट भरपूर. जुना नोकर चुडामण चहा विचारून गेला. फोन मांडीवर ठेवून सायरबाई येणारी-जाणारी माणसं बघत बसल्या. पहिले दोन तास त्यांना खरंच बरं वाटलं.

दुपारी अभिमन नावाचा एक तरुण आला. डाळमिलमध्ये सुपरवायझर होता. नव्या फोनकडे बघून घुटमळत होता.

“शेठ, मोबाइलवर व्हिडिओ बघितला मी. ते लोक सांगतात, ह्याची रेंज जाते म्हणून.”

“त्यांना तसं बोलायचेच पैसे मिळतात हो,” अनुज हसला. मग त्याने खुर्चीकडे हात केला. “ही माझी आई. बघा तिच्याकडे कोणता आहे. आईला कोणी खराब वस्तू देईल का?”

अभिमनने वळून बघितलं. आपली ओळख करून दिली की माणूस हसतं, तशा सायरबाई हसल्या. मांडीवरचा फोन त्यांनी किंचित वर उचललाही. अभिमनने नवा फोन विकत घेतला.

तो गेल्यावर सायरबाईंच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. एवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि अनुजचा हात पुन्हा खुर्चीकडे वळला. मग तिसरं. “ही माझी आई.” त्याचा हात वळला की त्या खाली बघत. पण खाली बघणारी आई आणखीच साधी, आणखीच खरी दिसत असावी. माणसं पटकन पैसे काढत.

दुसऱ्या दिवशी अनुजने कुलूप काढलं तेव्हा अभिमन पायरीवरच उभा होता.

“शेठ, फोन लागत नाही. काल रात्रपाळीला गाडी आली, ड्रायव्हर मला लावून लावून थकला. मालकांनी सगळ्यांसमोर झापलं मला.”

“कव्हर घाला त्याला. कंपनीचं अपडेट येतंय. तोपर्यंत हात जरा वर धरत जा.”

“हात वर धरू? मग कान कुठे ठेवू?”

“डबा फोडला की परत घेता येत नाही, दादा. नियम आहे कंपनीचा.”

अभिमन वळला. जाताना खुर्चीपाशी थांबला. “मावशी,” तो म्हणाला, “तुम्ही तरी सांगायचं होतं.”

सायरबाई उठल्या आणि मागच्या बेसिनवर जाऊन चूळ भरली. पुन्हा पुन्हा भरली. तोंडाचा कडवटपणा जात नव्हता. आरशात आपलाच चेहरा बघताना त्यांना शिसारी आली: पांढरे केस, डोक्यावर पदर, कुणालाही विश्वास वाटावा असा चेहरा. अनुजला बरोबर कळलं होतं, हा चेहरा कुठे मांडून ठेवायचा ते.

त्या बाहेर येऊन बसल्या. चारच्या सुमाराला एक जोडपं आत आलं, ठाकऱ्या आणि गुंताबाई. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं गाव. ठाकऱ्याने चपला बाहेर काढल्या होत्या. चुडामणने “घाला, घाला” म्हटलं तरी त्याने घातल्या नाहीत. गुंताबाईने कमरेची पिशवी हाताने दाबून धरली होती.

“आंडेरसाठी फोन जोयजे,” गुंताबाई म्हणाली. “पहिलं बाळतपन शे तिनं. सासर डोंगरना आंगे. रेंज कमीच ऱ्हास तठे. गाडी बलावाले फोन लागाले जोयजे.”

लेकीसाठी फोन हवा, तिथे रेंज कमीच असते. दुसऱ्या कुणी हे ऐकून निदान विचार केला असता. अनुजने नवा फोन काढला आणि काचेच्या काउंटरवर आडवा ठेवला. हातात दिला नाही.

“ह्या दांड्या बघा, भाऊ. फुल. एकदम नवीन निघालाय.”

ठाकऱ्या वाकून दांड्या बघत होता. गुंताबाईची नजर मात्र दुकानभर फिरून सायरबाईंच्या मांडीवर थांबली.

“अक्का, तुमनाकडे बी हाऊच शे ना? चांगला शे का? लेऊ का आमी?”

सायरबाईंनी तोंड उघडण्याआधीच अनुजचा आवाज आला, “ती माझी आई. आईला कोणी...”

“नका लेऊ,” सायरबाई म्हणाल्या.

मिरची घेऊन येणाऱ्या बायांशी त्या जन्मभर ह्याच बोलीत बोलल्या होत्या. ती आपोआप तोंडात आली. “हातमा धरा का रेंज जास यानी. हाई धर मना फोन. मूठ आवळ. आते भाऊना नंबर लाव.”

गुंताबाईने फोन मुठीत धरला. सायरबाईंनी ठाकऱ्याला विचारून त्याचा नंबर दाबला. काही वाजलं नाही. दोनदा दाबला. नाही.

“आते काचवर ठेव.”

फोन काउंटरवर ठेवून नंबर दाबला, तेव्हा ठाकऱ्याच्या खिशातला तडकलेला जुना फोन वाजायला लागला. तो दचकलाच.

“माय वं!” गुंताबाई म्हणाली. “मंग मनी आंडेरनी हाऊ हातमा नही ते काय पायमा धराना का?”

अनुज हसून म्हणाला, “बाईचं वय झालंय हो. पडल्यापासून जरा असं...” पण गुंताबाईने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती चुडामणकडे वळली. चुडामणने खालच्या खणातून बटनांचा साधा फोन काढला, ठाकऱ्याच्या मुठीत दिला आणि तिथूनच लावून दाखवला. ते तोच घेऊन गेले.

अनुजने आईला मागच्या खोलीत बोलावलं. तिथे छताला टेकतील इतके डबे रचलेले होते, सगळे त्याच फोनचे.

“बाई, तू काय केलंस कळतंय का तुला?”

“तिने विचारलं. मी सांगितलं.”

“हे बघ. हे सगळं बघ! कंपनी परत घेत नाही. मी काय करू ह्यांचं? तापीत नेऊन टाकू?”

“टाक.”

“मी नाही विकला तर समोरचा विकेल. त्यांना शेवटी हाच मिळणार.”

“समोरचा माझ्याकडे बोट दाखवून नाही विकणार.”

अनुजचा चेहरा लाल झाला. “पप्पा वजन वाढवायला रात्री मिरचीवर पाणी मारायचे. नळी मी धरायचो, सहावीत होतो. त्याच पैशावर घर झालं, तुझ्या बांगड्या झाल्या. तेव्हा बोललीस तू काही?”

ओल्या मिरचीचा तो वास सायरबाईंच्या नाकात भरला. पोत्याच्या पोटात ती चार दिवसांत सडायची. तोपर्यंत पोतं दुसऱ्याच्या घरी गेलेलं असायचं. त्या माजघराची खिडकी लावून घेत आणि पोळ्या लाटत राहत. नेमीचंद हात धुऊन ताटावर बसत. त्यांच्या बोटांना तो वास असायचाच, तरी त्या वाढत.

“नाही बोलले,” त्या म्हणाल्या.

“मग आता काय झालं?”

समोरचा माणूस आपला मुलगा आहे, ह्याच हाताने त्याला भरवलंय, हे सगळं ठाऊक असूनही त्यांना त्याच्याजवळ उभं राहवेना. “मला घरी सोड,” एवढंच त्या म्हणाल्या. अनुजने चुडामणला रिक्षा बघायला सांगितलं.

दिवस मावळायच्या आत चेलनाने ताट वाढलं. सायरबाईंनी अर्धी भाकरी कशीबशी संपवली आणि फोन डब्यात घालून तिच्यासमोर ठेवला. “हा अनुजला दे. मी उद्या जाते.”

दुकानातलं चेलनाला बहुधा फोनवर कळलं होतं. तिने डबा उघडला नाही. ताटं आवरता आवरता खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, तुम्हाला वाईट वाटेल. माझ्या मम्मीलाही हे असलाच फोन देत होते, दिवाळीला. मी देऊ दिला नाही.”

“तुला तेव्हाच माहीत होतं?”

“दुकानात पहिल्या आठवड्यातच लोक परत यायला लागले होते.”

“आणि मला?”

चेलनाने मान खाली घातली. “तुम्ही त्यांच्या आई. मी मध्ये कशी बोलणार?” तिने कपाटातून एक छोटा बटनांचा फोन काढून पुढे केला. “हा घ्या. चांगला आहे.”

“राहू दे. दोंडाईच्यात मिळतात,” सायरबाई म्हणाल्या.

सकाळच्या पॅसेंजरला अनुज सोडायला आला. त्याने धावपळ करून खिडकीची जागा धरली, पाण्याची बाटली आणली, बॅग सीटखाली सरकवली. समोर धरणगावला जाणाऱ्या दोन बाया कौतुकाने बघत होत्या. आईची काळजी घेणारा मुलगा कुणालाही आवडतोच.

“प्लास्टर काढायला मी येईन,” अनुज म्हणाला.

“प्रेमराजभाऊ नेतील धुळ्याला.”

गार्डाची शिटी झाली. लहानपणापासून कुठेही निघताना करायचा तसा तो पाया पडायला वाकला. सायरबाईंनी दोन्ही पाय वर उचलले, सीटवर मांडी घातली आणि साडीचा काठ गुडघ्यांवरून खाली ओढून घेतला.

अनुज तसाच वाकलेला राहिला. समोरच्या बाया बघत होत्या. मग त्याने सीटखाली हात घातला, केव्हाचीच आत ठेवलेली बॅग धरली आणि ती पार पत्र्याला लागेपर्यंत आणखी आत ढकलली.

“नीट ठेवलीय,” तो उठत म्हणाला.

“हो,” सायरबाई म्हणाल्या.