वस्तीच्या कोपऱ्यावरचा फ्लेक्स

न्हावरे गावात सगळ्यांच्या गाड्या पेट्रोलवर चालतात आणि इशरतची सायकल रागावर चालते, असं तिचा नवरा शाकीर म्हणायचा. आपण फार मोठा विनोद केला असं त्याला वाटायचं. इशरतला त्या विनोदाचाही राग यायचा, त्यामुळे सायकल आणखी थोडी पुढं जायची.

गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळचं दूध मोजून घ्यायचं काम तिच्याकडं होतं. दूध उजाडता उजाडता येतं, कारण गाय कुणाची सोय बघत नाही. वस्तीवरून गावात जायला त्या वेळी एसटी नसते. मोटारसायकल असते, पण तिचा मालक शाकीर अंथरुणात असतो. म्हणून सायकल.

लोकांना वाटतं, सायकलवाल्याला पावसाळा जड जातो. पावसाळ्याचं काही नाही. पाऊस वरून येतो, भिजवतो आणि जातो, त्यात लबाडी नसते. खरी कटकट पाऊस गेल्यावर. परतीचा पाऊस पाणंदीच्या कच्च्या वाटेवरची माती उकरून डांबरावर आणून टाकतो. ती वाळते न वाळते तोच सराटे धरतात आणि त्यांचे काटे टायरमध्ये असे शिरतात, जणू काही जन्मभर त्याचीच वाट बघत होते. मग दुपारी घाम आणि पहाटे गारठा अशा दिवसांत माणसानं स्वेटर घालावा की काढावा हेच कळत नाही. त्यानंतर खरी थंडी. घोडनदीच्या अंगानं असा वारा येतो की ब्रेक दाबला तो आपल्याच बोटांनी की शेजाऱ्याच्या, हे समजू नये. आणि शेवटी धुकं, ज्यात आपली घंटी आपल्यालाच लांबून ऐकू येते.

या सगळ्यांवर इशरत रोज रागवायची, पण तो राग जागच्या जागी जिरायचा. थंडी काही ग्रामपंचायतीची सदस्य नव्हती. तिला जाब कुठं विचारणार?

कोपऱ्याचं तसं नव्हतं. कोपऱ्याला मालक होता.

वस्तीची पाणंद जिथं डांबरी रस्त्याला मिळते, तिथं बाळासो आप्पांचा ऊस होता. दीड पुरुष उंच, रस्त्याच्या कडेला अगदी खेटून. उजवीकडून काय येतंय हे बघायचं तर सायकलचं पुढचं चाक आधी रस्त्यावर घालावं लागायचं. म्हणजे आधी चाक द्यायचं आणि मग बघायचं. दिवाळी झाली, कारखाना सुरू झाला आणि उजवीकडून डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर येऊ लागले. मागं दिवा नाही, पुढं एकच दिवा, आणि त्या दिव्याची उणीव भरून काढायला मोठ्यांदा गाणी.

अशाच एका ट्रॅक्टरनं इशरतला सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत घातलं. गुडघा फुटला, हँडल वाकडं झालं, डब्यातली भाजी ओढणीवर आली. ड्रायव्हर भला माणूस होता. तो थांबला आणि वरूनच म्हणाला, "भाभी, दिसत न्हाई का?"

"दिसत न्हाई," इशरत चारीतून म्हणाली. "तीच तर बोंब हाय."

त्या संध्याकाळी शाकीरनं आपल्या वेल्डिंगच्या दुकानात हँडल सरळ केलं आणि सरळ केल्यावर सांगितलं, "आता अजून एकदा पडलीस तर ही सायकल भंगारात. चेष्टा न्हाई. मी सोडत जाईन गाडीवर."

"कवा? तुम्ही उठल्यावर? तवर दुधाचं दही व्हईल."

"मंग काम सोड."

तो हे ओरडून बोलला असता तर इशरतनं मनावर घेतलं नसतं. शाकीर हळू बोलला, म्हणजे त्यानं ठरवलं होतं. सायकल गेली की केंद्र जाणार, आणि कुणाला 'मला सोडता का' न विचारता घराबाहेर पडायची तिची एकुलती एक सोय जाणार. यात सगळ्यांत संताप आणणारी गोष्ट अशी की सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी तिला सायकल सोडायला सांगितलं. ऊस तोडायला कुणी कुणाला सांगितलं नाही.

तिनं सांगितलं. बाळासो आप्पा स्वतः केंद्रावर किटली घेऊन यायचे. एरवी गडी यायचा, पण निवडणूक जवळ आली होती आणि आप्पांना अचानक दूध उचलायची आवड लागली होती.

"आप्पा, कोपऱ्यावरच्या चार सऱ्या तेवढ्या तोडा. जनावरांना घाला. माणूस मरंल तिथं."

"भाभी, कारखान्याच्या नोंदीचा ऊस हाय. नंबर आल्याबिगर हात लावता येत न्हाई."

"मंग माझा नंबर आधी लागायचा."

आप्पा मनापासून हसले. पुढारी माणूस, तक्रारीलाही दाद द्यायचे.

मागं उभी असलेली रतनबाई किटलीचं झाकण वाजवत म्हणाली, "हसताय काय आप्पा, बाई मेली तर मत कोण देईल?" आप्पा तिच्यावरही हसले.

नंबर लागला जानेवारीत. ऊसतोडीची टोळी आली, कोयते चालले, बायकांनी शेंड्याच्या हिरव्या वाढ्याच्या पेंढ्या बांधल्या आणि संध्याकाळपर्यंत कोपरा मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी इशरत पाणंदीच्या तोंडाशी आली तर उजवीकडचा रस्ता पार पुलापर्यंत तळहातासारखा दिसत होता. त्या सकाळी ती कशावरच रागावली नाही. केंद्रावर दोघा-तिघांनी तिला विचारलं, बरं वाटत नाही का.

हे सुख टिकणार नव्हतं, कारण त्याच आठवड्यात आप्पांनी पर्यावरण हाती घेतलं.

'प्रदूषणमुक्त गाव' नावाचा कार्यक्रम झाला. गावात रोज सायकल चालवणारी कोण, तर इशरत. तिला स्टेजवर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. कार्यक्रमाला आलेल्या मोटारी लावायला जागा पुरली नाही म्हणून शाळेचं मैदान उघडलं. आप्पा माइकवर म्हणाले, "आज सगळं जग तापतंय, पण आमच्या भाभी थंडीवाऱ्यात सायकल चालवतात. का? तर आपल्या लेकराबाळांना शुद्ध हवा मिळावी म्हणून." इशरतला ही बातमी नवीनच होती. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "रस्त्याची साइडपट्टी तेवढी भरा." लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी धुकं पडलं होतं. पुढचं चाक दिसत होतं आणि त्यापुढं सगळा कापूस. इशरत कोपऱ्यावर आली, सवयीनं उजवीकडं बघितलं, तर समोर इशरतच उभी.

खोलीच्या भिंतीएवढी इशरत. सायकलवर बसलेली, हसरी, गाल रंगवल्यासारखे गुलाबी. शेजारी हात जोडलेले आप्पा. वर गोल गोल चौकटींत आप्पांचे नेते, खाली शुभेच्छुक तरुण मंडळ. 'सायकलवाल्या भाभींचं हार्दिक अभिनंदन.' लोखंडी फ्रेमवर ताणलेला फ्लेक्स, आणि फ्रेम नेमकी त्याच जागी रोवलेली, जिथून ऊस हलला होता.

ती स्वतःचं तोंड बघत उभी राहिली नसती तर पुढची गोष्ट सांगायला उरलीच नसती. फ्लेक्सच्या पाठीमागून गाणं आलं, गाण्यामागून ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या तिच्या पुढच्या चाकाला वारा घालून गेल्या. उसाचं एक टिपरू सुटून तिच्या पायाशी पडलं.

केंद्रावर आप्पा होतेच.

"आप्पा, फ्लेक्स काढा तिथनं."

"का? फोटो बरा न्हाई आला का?"

"मागचं काही दिसत न्हाई. आत्ता वाचले मी."

आप्पांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलले, "भाभी, तुमच्या ध्यानात येत न्हाई. हा फ्लेक्स काढला तर समोरची पार्टी काय म्हणंल? बाळासोनं मुसलमान बाईचा फ्लेक्स लावला आन् उतरवला. तुमच्या समाजाचा मान ठिवलाय आम्ही. मतदान झालं की बघू."

"समाजाला न्हाई, मला मरायचंय तिथं."

"असं अशुभ बोलू नये," आप्पा म्हणाले आणि किटली उचलून निघाले.

घरी येईपर्यंत तिच्या रागाला धार चढली होती. शाकीर दुकानाच्या दारात फोनवर होता. दौंडहून तिचा भाऊ इम्रान बोलत होता. फ्लेक्सचा फोटो रेल्वे क्वार्टरमध्ये घरोघर पोचला होता. फोन ठेवून शाकीर म्हणाला, "काय दिसतेस तू त्यावर. आन् फ्रेम कशी झालीय?"

"कसली फ्रेम?"

"मीच जोडली की. आप्पांनी ऑर्डर दिली. अँगल दुप्पट जाडीचा वापरलाय, वादळात हलणार न्हाई."

इशरत त्याच्याकडं बघत राहिली. ऊस आप्पांचा होता, ट्रॅक्टर कारखान्याचा होता. ही भिंत मात्र तिच्या घरून गेली होती.

तिनं चारा कापायचा विळा घेतला आणि सायकलवर बसली.

आता, आपल्याकडं फ्लेक्सला हात लावणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजायचं नाही. रस्ता खचला तर लोक वळसा घालतात. फ्लेक्स फाटला तर बैठका बसतात, पोलीस येतात, गाव बंद राहतं. म्हणून इशरतनं पहिला वार घातला तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या दोन मोटारसायकली जागीच थांबल्या. रतनबाई शेरडं घेऊन येत होती, तीही थांबली. कुणीतरी आप्पांना फोन लावला.

आप्पा आले तोवर तिचं काम होत आलं होतं. तिनं फक्त स्वतःला कापलं होतं. सायकल, हँडल, गुलाबी गाल, सगळं चौकोनात. आप्पांच्या जोडलेल्या हातांना, गोलातल्या नेत्यांना, शुभेच्छुक मंडळाला विळा लागलेला नव्हता.

"भाभी, काय केलंत हे?" आप्पांचा आवाज पहिल्यांदाच माइकशिवाय बारीक वाटला.

"माझा फोटो हाय, मी काढला. तुमचा तुमच्यापाशी. आता म्हणा समोरच्या पार्टीला, बाईनं स्वतः उतरवला."

आप्पांनी तोंड उघडलं, गर्दीकडं बघितलं, मोबाइल धरलेली पोरं बघितली आणि हात जोडले. वरचे आप्पा आणि खालचे आप्पा काही क्षण एकसारखे दिसले.

रतनबाईनं खाली पडलेला तुकडा उचलला. "शेरडांच्या गोठ्याला वारं लागतंय. नेऊ का?"

"न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाकीर कधी नव्हे ते उजाडायच्या आत उठला. कानटोपी घालून मोटारसायकलवर तिच्या मागंमागं कोपऱ्यापर्यंत आला. इशरतला वाटलं, आजच तो सायकल घेऊन जाणार. तिनं हँडल घट्ट धरलं.

शाकीर फ्रेमपाशी उभा राहिला आणि तिनं कापलेल्या भोकातून बघू लागला. धुक्यातून एकच दिवा येताना दिसला, मग ट्रॅक्टर, मग ड्रायव्हर, कानाला फोन लावलेला. दोन्ही ट्रॉल्या धडधडत त्याच्या समोरून गेल्या. शाकीरनं कानटोपी काढली, पुन्हा घातली. फ्रेमच्या जाड अँगलवरून त्यानं हात फिरवला.

"तू सायकलवर बसलेली असताना भोक थोडं वर पडतंय," तो म्हणाला. "खाली पाहिजे व्हतं."

"फ्रेम तुम्ही जोडलीय," इशरत म्हणाली. "तुम्हीच कापा."

आणि उजवीकडं बघून, रस्ता मोकळा आहे याची खात्री करून, तिनं पायडल मारलं. दुधाला उशीर होत होता आणि राग अजून भरपूर शिल्लक होता.