तिसरा फोटो

“श्वास रोखून धर,” फोटोवाले सवयीनं बोलून गेले.

“बाबा, पायाचा फोटो आहे,” टेबलावर पाय सोडून बसलेली त्यांची मुलगी म्हणाली. दोघंही हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

इस्पितळात त्यांना सगळे फोटोवालेच म्हणत, कारण एक्स-रेच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत सव्वीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. किती छात्या, किती मनगटं त्यांच्या हाताखालून गेली, गणती नाही. काय दिसतंय हो, असं कुणी कितीही काकुळतीला येऊन विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, डॉक्टर सांगतील. बघायचं सगळं, बोलायचं काही नाही. नोकरीच तशी.

आज मात्र समोर स्वतःची पोर होती. अठरा वर्षांची, फुटबॉलच्या मैदानात डाव्या बाजूनं अशी सुटायची की बघणाऱ्यांनी हातातलं काम विसरावं. एका मोठ्या क्लबनं तिला तीन वर्षांचे ऐंशी लाख देऊ केले होते. आकडा ऐकल्यापासून घरात कुणाचेच पाय जमिनीवर नव्हते. तिची आई तर एक घरही बघून आली होती, गॅलरीवालं. फोटोवाल्यांनी करार तीनदा वाचला, ओळीवर बोट ठेवून वाचला, तेव्हा कुठे त्या ऐंशी लाखांची हाडं दिसायला लागली. सहीच्या दिवशी हातात नऊ. त्यातून एजंटचा वाटा, कर, राहण्याचा खर्च. उरलेले सगळे खेळलेल्या सामन्यांवर. पहिल्याच मोसमात दुखापतीनं चार महिने बसली तर करार संपला, आणि जुनी दुखापत लपवली असं निघालं तर ते नऊही परत. पैसा क्लबचा असला तरी जोखीम सगळी पोरीच्या पायाची होती.

सहीआधी क्लबला उजव्या पावलाचे एक्स-रे हवे होते, कुठल्याही इस्पितळातले, डॉक्टरांच्या शिक्क्यासह. थोडं दुखतंय, बूट नवे आहेत, असं मुलगी सांगत होती. पण गेले तीन आठवडे ती जिना आडवी पावलं टाकत उतरत होती, हे बापाच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

कागदावर दोन फोटो मागितले होते, एक समोरून, एक बाजूनं. दोन्ही स्वच्छ आले. फोटोवाल्यांच्या जिवात जीव आला. आणि मग, कुणी मागितलं नसताना, त्यांच्या हातांनी तिचं पाऊल जरा तिरकं केलं, खाली स्पंजची उशी सरकवली आणि बटण दाबलं. पावलाचे फोटो ते नेहमी तीन काढत. सव्वीस वर्षांची सवय; हातांनी त्यांना विचारलंच नाही.

पडद्यावर तिसरा फोटो उमटला. करंगळीमागच्या लांब हाडावर केसाएवढी रेघ. अशा रेघा त्यांनी ढिगानं पाहिल्या होत्या. विश्रांती मिळाली तर हाड भरून येतं. पळत राहिलं तर एक दिवस तुटतं, आणि मग पुन्हा तसं पळता येईलच याची कुणी हमी देत नाही.

एवढ्यात बाहेर थांबलेला तिचा एजंट दार ढकलून आत डोकावला. गोड बोलणारा पोरगा होता, वाईट म्हणता येणार नाही. पडद्यावरचे तीन फोटो आणि फोटोवाल्यांचा चेहरा बघून तो काय ते समजला.

“काका, कागदावर दोनच मागितलेत,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “आपण खोटं काहीच करत नाही.”

तो बाहेर जाऊन बसला. बोलला त्यात चूकही काही नव्हती. फोटोवाल्यांचं मन डळमळलं. बायकोनं बघितलेली गॅलरी डोळ्यांपुढे आली. तिसरा फोटो पुसायला एक बोट पुरलं असतं, आणि ते बोट बटणापर्यंत गेलंही होतं.

“बाबा, काय दिसतंय?”

डॉक्टर सांगतील, हे शब्द ओठांवर आले. ते त्यांनी गिळले आणि पडदा तिच्याकडे वळवला. रेघ दाखवली. तीन महिने पाय टेकायचा नाही, हे सांगितलं. क्लब तेवढा थांबेल असं वाटत नाही, हेही सांगितलं.

ती पडद्याकडे वाकली.

“पुसता येतो हा?”

“फोटो पुसता येतो. हाड आहे तसंच राहतं.”

“मग तिसरा काढलासच कशाला?” तिचा आवाज फुटला. “कुणी सांगितलं होतं तुला?”

त्यांनी तिन्ही फोटो छापून पाकिटात घातले, वरचा दोनचा आकडा खोडून तीन लिहिला आणि पाकीट डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवलं. मग कोपऱ्यातली पेशंटची चाकांची खुर्ची ओढून आणली. ती बसणार नाही असं त्यांना वाटलं होतं. तिनं डोळे पुसले, डाव्या पायात बूट चढवला, उजवा बूट मांडीवर घेतला आणि खुर्चीत बसली.

बाकावरचा एजंट त्यांना येताना बघून उभा राहिला. खोलीच्या दारात जमिनीवर बोटभर उंचीची पट्टी होती. तिथे फोटोवाल्यांनी खुर्ची अलगद मागे कलती केली, पुढची चाकं उचलली आणि तिच्या पायाला धक्का न लागू देता ती पलीकडे टेकवली.