थोरलीच्या आधीचं रोप

कोदुंडो गावच्या शाळेत नवा अभ्यासक्रम आला तेव्हा सगळ्यांत जास्त वैताग आला तो आयांना. पूर्वी मुलं शाळेतून येताना फार तर शाईचे डाग घेऊन यायची, आता मागण्या घेऊन येऊ लागली. उद्या केरसुणी बांधायला गवत हवं, परवा बुजगावण्यासाठी बापाची जुनी पँट हवी. एकदा पिसांचे प्रकार बघायला चौथीच्या मुलांनी जिवंत कोंबड्या आणल्या आणि त्या दिवशी वर्गात शिकवणं कमी, पाठलागच जास्त झाला. बाजारात सुकवलेली ओमेना मासळी निवडता निवडता बाया म्हणायच्या, "शाळा पोरांची आहे का आमची?" आणि चौथीची रिस्पाबाई समोरून आली की विचारायच्या, "काय बाई, पुढच्या आठवड्यात काय पाठवू? गाय चालेल का?"

रिस्पा हसून म्हणायची, "चालेल की, दूध देणारी पाठवा."

तिला या टोमण्यांचं काही वाटायचं नाही. मुलांनी हाताने केलं की त्यांच्या डोक्यात राहतं, यावर तिचा ठाम विश्वास होता. पस्तिशीची ही बाई बाजाराजवळ भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. तिचं माहेर आखाताच्या पलीकडे होतं. तीही गावासारखी लुओ जमातीचीच, पण गावाच्या जुन्या समजुतींवर बोलायची वेळ आली की तिची जीभ जरा जास्तच धारदार व्हायची.

मार्चमध्ये मक्याचा धडा आला. मुलांनी तेलातुपाच्या रिकाम्या डब्यांत माती भरली, दाणे पुरले, आणि रोज सकाळी प्रार्थनेआधी डब्यांभोवती गर्दी करून कुणाचं वर आलं यावरून भांडणं केली. सगळ्यांत आधी उगवलं ते अवुओरचं. नऊ वर्षांची ही मुलगी वर्गात तोंड उघडत नसे, पण तिच्या हाताला मात्र गुण होता. रिस्पाचा तिच्यावर जीव होता. शिक्षकाने एकाच मुलावर असा जीव लावू नये हे तिला माहीत होतं, पण लागला होता त्याला काय करणार?

शुक्रवारी रिस्पाने एक डबा उलटा करून मुलांना मुळं दाखवली. ती तळाशी गोल गोल गुंडाळली गेली होती.

"बघा, याला आता जागा पुरत नाही. आज घरी न्या आणि उद्याच्या उद्या जमिनीत लावा. डब्यात ठेवलंत तर मरेल. सोमवारी मी एकेकाला विचारणार. ज्याचं मेलं त्याला गुण नाहीत."

असं ती म्हणाली, फळा पुसला आणि खोलीवर गेली.

ज्यांच्या घरी पेरणी झाली होती त्यांनी रोपं लावली. ज्यांच्या घरी झाली नव्हती तिथल्या आयांनी डबे वळचणीला ठेवले आणि पोरांना दटावलं, "थांब, आधी थोरली पेरू दे." नवरा घरी येतो, थोरल्या बायकोच्या घरात रात्र काढतो आणि सकाळी ती पहिला दाणा टाकते. त्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातून धान्य मातीत गेलं तर चिरा नावाचा शाप लागतो. म्हणजे घरातलं मूल काही कारण नसताना वाळत जातं, आणि सगळ्यांत धाकटं आधी. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रिस्पालाही होतं. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, पीठ दुकानातून आणणाऱ्या माणसाच्या डोक्यातून शेताचे नियम कधी गळून जातात ते त्याचं त्यालाच कळत नाही.

अवुओरच्या बापाला, ओगोलाला, दोन बायका. थोरली तुर्फोसा, तिला चार मुलगे, त्यातला शेवटचा ओबुरा अजून रांगत होता. धाकटी लेन्सा, तिला एकटी अवुओर. ओगोला मासेमारीला बेटावर गेलेला, पाऊस सुरू झाला तरी परतला नव्हता आणि त्याचा फोनही लागत नव्हता. शेजारपाजारची पेरणी उरकली, पण त्याच्या दोन्ही बायकांची शेतं काळी आणि रिकामी पडून होती. शनिवारी लेन्सा बाजाराला गेली. रोप मरेल या धास्तीने पोरीने आईच्या शेताच्या मधोमध खड्डा केला, रोप लावलं, पाणी घातलं आणि शेळ्यांनी खाऊ नये म्हणून भोवती काट्यांचं कुंपणही केलं.

रिकाम्या शेतात ते एकटं हिरवं रोप रस्त्यावरूनसुद्धा दिसत होतं.

सोमवारी अवुओर शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मुख्याध्यापक दाल्मास रिस्पाच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमचा मका फार छान उगवलाय," ते म्हणाले. "आता कापणीला तयार राहा."

"काय झालं?"

"ओगोलाच्या घरात आग लागलीय. लेन्साने थोरलीच्या आधी पेरलं म्हणतात. तेही नवरा घरात नसताना. आता नवरा नसताना बाई पेरणी काढते म्हणजे रात्री तिच्या घरात कोण होतं, असं ओगोलाचा मोठा भाऊ ओचोला सगळ्यांना विचारत फिरतोय."

"पण रोप पोरीने लावलंय, आणि मी सांगितलं म्हणून लावलंय."

"ओचोलाला रोपाचं काय पडलंय? त्याचा डोळा लेन्साच्या नदीकाठच्या तुकड्यावर आहे. शनिवारी बैठक आहे, तिला माहेरी हाकलणार."

"मग शनिवारी मी जाऊन सांगते."

दाल्मास आत येऊन बाकावर बसले. हा माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता, आणि मुख्याध्यापकाला ते परवडतं.

"जाऊ नका. शाळेने घर मोडलं असं म्हणतील. उद्या शाळेची बाग उपटतील, परवा पोरं काढून घेतील."

"सर, एका मक्याच्या रोपाने कुणाचं घर मोडत नाही आणि कुणाचं मूलही मरत नाही. दोन हजार वर्षं मागे आहोत का आपण? कुणीतरी हे तोंडावर सांगायलाच हवं."

"तुम्हाला सांगायला काय जातं?" दाल्मास म्हणाले. "तुमचं ना शेत, ना मूल."

हे रिस्पाला झोंबलं. मग ती दिवसभर मुलांवर विनाकारण खेकसली आणि त्याची तिला लाज वाटली. पण जायचं हे तिने नक्की केलं.

शनिवारी ती पोचली तेव्हा आंब्याखाली पुरुष खुर्च्यांवर बसले होते आणि बाया खाली, पाय पसरून. लेन्सा एका कडेला मान खाली घालून बसली होती. तिच्यामागे अवुओर आईच्या ओढणीचं टोक धरून उभी होती. तिने बाईंना पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. ओचोला काठीने जमिनीवर रेघा ओढत बोलत होता.

"माझा भाऊ पाण्यावर जीव धोक्यात घालतोय आणि इथे त्याच्या शेतात मका डोलतोय. मी कुणाचं नाव घेत नाही. पण बी कुणाचं, ते बाईने सांगावं. नाही तर आजच गाठोडं बांधावं."

काही पुरुष हसले. लेन्साने मान वर केली. "दादा, मी बाजारात होते," ती कशीबशी म्हणाली, "देवाशप्पथ, मला माहीतही नव्हतं."

"म्हणजे मका आपला आपण चालत आला?"

रिस्पा पुढे झाली. तिने रस्ताभर वाक्यं जुळवली होती, जंतूंबद्दल, शिक्षणाबद्दल, कायद्याबद्दल. "बाबा, मला दोन शब्द बोलायचेत," तिने सुरुवात केली.

"आधी मी बोलते," मागून आवाज आला.

तुर्फोसा स्वयंपाकघरातून येत होती. थोराड बाई, पाठीला ओबुरा बांधलेला, हाताला पीठ लागलेलं. सवतीशी तिचं कधीच पटलं नव्हतं. गेल्याच महिन्यात पाण्याच्या डब्यावरून दोघींचं असं भांडण झालं होतं की कोंबड्यासुद्धा कुंपणाबाहेर पळाल्या होत्या. आता लेन्साची गठडी वळली जाणार, असं वाटून बायांनी माना उंचावल्या.

"ते बी माझं आहे," तुर्फोसा म्हणाली. "मी पोरीच्या हातात दिलं आणि लाव म्हटलं. पेरणी मी काढली."

ओचोलाची काठी थांबली.

"तू? तिच्या शेतात?"

"माझं शेत लांब पडतं. पाठीवर पोर आहे. जवळच्या मातीत टाकलं. थोरलीने कुठल्या मातीत आधी टाकायचं ते आता दीर ठरवणार का?"

"पण ओगोला घरी नसताना?"

"हो, नसताना. ती चूक माझी." तिचा आवाज जराही हलला नाही. "जे यायचं ते माझ्या घरावर येईल. लेन्साच्या नाही."

एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या एकीची नजर तुर्फोसाच्या पाठीकडे गेली, झोपलेल्या ओबुराकडे, आणि तिने ती पटकन वळवली.

"बाबा, हे खरं नाही," रिस्पा बोलून गेली. "त्या मुलीला मीच..."

"बाई," तुर्फोसा तिच्याकडे न वळताच म्हणाली, "तुम्ही पाहुण्या आहात. उन्हातून आलात. आत चला, पाणी देते."

तिच्या बोलण्यात अशी काही धार होती की रिस्पा दोन पावलं मागे सरली. ओचोलाने आणखी थोडं पुटपुटून पाहिलं. पण चार मुलग्यांच्या आईला, घराच्या थोरलीला, माहेरी धाडायची भाषा कोण करणार? पुरुष एकेक करून उठले. दोघं जण चहाची वाटही न बघता निघून गेले.

स्वयंपाकघरामागे तुर्फोसाने रिस्पाच्या हातात पाण्याचा पेला दिला. लेन्सा धावत आली आणि तिच्या पायांशीच बसली, हुंदके देत.

"ऊठ," तुर्फोसा म्हणाली. "रडण्याने उगालीचं पीठ शिजत नाही. जा, पाणी ठेव चुलीवर. आणि त्या पोरीला काहीतरी खायला घाल, गेल्या शनिवारपासून तिच्या घशाखाली धड घास उतरलेला नाही. मला म्हणते, मोठ्या आई, ओबुरा माझ्यामुळे मरणार का."

लेन्सा डोळे पुसत गेली. रिस्पा पेला तसाच धरून उभी होती.

"तुम्ही खोटं का बोललात? मी खरं सांगणारच होते. सगळं माझ्यावर घेतलं असतं."

"तुमच्यावर काय येणार होतं, बाई? तुम्ही चिरा मानत नाही. तुम्ही सांगितलं असतं आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन झोपला असता. ओचोला म्हणाला असता, बाईंनी सांगितलं खरं, पण हात धाकटीच्या पोरीचा होता. लेन्साला जावंच लागलं असतं."

"तुमचं तर तिच्याशी पटत नाही."

"नाहीच पटत. ती गेली असती तर मी दोन दिवस गाणी म्हटली असती." तुर्फोसाने हातावरचं वाळलेलं पीठ खरवडलं. "पण पोर बापाची, ती इथेच राहिली असती. आईला हाकलल्यावर ती रोज माझ्याकडे बघत राहिली असती. ते मला झेपलं नसतं."

रिस्पाला खूप वाईट वाटलं. रस्ताभर जुळवलेली ती वाक्यं आता आठवली तर तिचीच तिला किळस आली. या बाईचा त्या नियमावर पुरता विश्वास होता, आणि तरीही तिने तो मोडल्याचं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. फुकटचं धाडस करायला आली होती ती रिस्पा.

तुर्फोसाने फडक्याची गाठ सोडली आणि ओबुराला पुढे घेतलं. तो किरकिरला, डोळे न उघडताच. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला, मग मानेवर, मग परत कपाळावर.

"बघा जरा," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता. "अंग गरम लागतंय का याचं?"

रिस्पाने हात लावला. अंग कोमट होतं. उन्हाने असेल, पाठीला बांधल्याने असेल, की ताप होता, कळत नव्हतं.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. हे सगळं खोटं आहे, असं तुम्ही म्हणता ना? मग म्हणा आता. माझ्या तोंडाकडे बघून म्हणा, याला काही होणार नाही."

एवढंच तर म्हणायचं होतं. बुधवारी दाल्माससमोर ते किती सहज तोंडातून निघालं होतं. रिस्पाने तुर्फोसाकडे पाहिलं, मग त्या बाळाकडे, त्याच्या अर्धवट मिटलेल्या पापण्यांकडे. तिचा हात त्याच्या कपाळावरून निघेना.

"आपण याला आत्ताच दवाखान्यात नेऊ," ती शेवटी म्हणाली. "मी येते बरोबर. मोटारसायकल बोलावते."

तुर्फोसा तिच्याकडे बघत राहिली. चिडली नाही, रडलीही नाही.

"म्हणजे तुम्हीही," ती म्हणाली, आणि पोराला परत पाठीला बांधायला खाली वाकली.