समासातला न

बुद्धिबळाच्या डावपेचांवरचं ते पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचं. आधी सरांचं होतं, सर गेल्यावर त्यांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं. सरांचा बुद्धिबळाचा क्लास आता त्यांची शिष्या चालवत असे. मुलं यायच्या आधी पटावर मोहरी मांडून रोज त्यातलं एक पान वाचायचं, हा तिचा नेम. त्यासाठीच काकूंनी पुस्तक तिच्याकडे ठेवलं होतं. पानं सुटायला लागली तेव्हा तिने ते बाइंडरकडे नेलं. काकूंना विचारलं नाही. नीटनेटकं करून हातात ठेवू, असं मनाशी म्हणाली.

बाइंडर कामाला चोख. शिवण नवी घातली, पुठ्ठा चढवला आणि सवयीप्रमाणे पुस्तक यंत्राखाली धरून तिन्ही कडा बोटभर उडवल्या. कडा आता गालावरून फिरवा, इतक्या गुळगुळीत, म्हणाला.

त्या बोटभर समासात सरांचं चाळीस वर्षांचं अक्षर होतं, डावांवरच्या टिपा. उजव्या पानांवर शब्दांची शेपटं गेली होती, डाव्या पानांवर तोंडं. कातरण विचारली तर ती सकाळीच रद्दीत गेली होती. बाइंडर ओशाळला. समासात कुणी लिहिलं असलं तर आधी सांगायचं असतं, एवढं मात्र तो बोलला, आणि ते खरंच होतं.

काकू रविवारी पुस्तक बघायला मागत. हातात चार दिवस होते. तिने ठरवलं, टिपा पुन्हा उभ्या करायच्या, वेगळ्या वहीत. अर्ध्या शब्दांवरून बऱ्याच जुळल्या. एका डावाशी मात्र गाडी अडली. तिथे उरलं होतं: ‘इथे घोडा न’. पुढे ‘को’ होतं की ‘क्की’? ही टीप तिने शेकडो वेळा वाचली होती, मुलांना शिकवलीही होती. आता काही केल्या आठवेना.

मग तिने टीप सोडून पहिल्यांदाच नीट छापील मजकूर वाचला. जुन्या लेखकाने साधंच सांगितलं होतं: घोडा पुढे नेण्याआधी बघा, त्याला कोणतं प्यादं हुसकावू शकतं. तिने पट मांडला. शेजारच्या उभ्या रांगेतलं प्यादं एक घर सरकताच घोडा उठून परत जात होता. तिने वहीत ‘नको’ लिहिलं.

रविवारी तिने काकूंपुढे पुस्तक आणि वही ठेवली आणि घडलं ते सगळं सांगितलं. काकूंनी कडेवरून बोट फिरवलं. मग वही उलटत उलटत त्या डावाशी थांबल्या.

“हे ‘नक्की’ होतं,” त्या म्हणाल्या.

“पण काकू, घोडा तिथे टिकत नाही.”

“नाहीच टिकत. त्याच घोड्यापायी हे स्पर्धेत हरून आले होते. मी जन्मभर चिडवलं. पण टीप खोडतील तर शपथ.”

म्हणजे सरांची चूक ती इतकी वर्षं मुलांना शिकवत आली होती, आणि बरोबर उत्तर त्याच पानावर छापलेलं होतं. तिने तसं कबूल केलं, अगदी हळू आवाजात.

“तू तरी काय करणार? यांचं अक्षर वळणदार. छापलेल्याकडे लक्ष जातंय कुणाचं? माझंही नाही गेलं.” काकूंनी वही मिटून बाजूला सारली. पुस्तक तिच्याकडे सरकवलं. “मला हा बारीक टाईप दिसत नाही. तू वाच. पहिल्या पानापासून.”